मंगळवारचा ताप

"आकाराममामा, येत्या मंगळवारी तुमच्या नातीला जरा ताप येईल काय?"

मुख्याध्यापक उदयसिंह सरांनी हे इतक्या सहज विचारलं, की आकारामनंही सवयीनं "येईल की" म्हणून टाकलं. एकतीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढल्यावर त्याची एक रीत ठरून गेली होती. सरांनी काही विचारलं की आधी होकार द्यायचा आणि मग काय विचारलं ते डोक्यात घ्यायचं. केबिनच्या दारापर्यंत गेल्यावर ते डोक्यात शिरलं आणि तो माघारी वळला.

"ताप? म्हंजी कसा, सर? चांगली हाय की पोरगी. काल लगोरी खेळत हुती."

"बसा," सर म्हणाले.

सरांनी आजवर त्याला कधी बसा म्हटलं नव्हतं. आकाराम सावध झाला आणि खुर्चीच्या कडेला टेकला.

राधानगरीच्या रस्त्यावरची ती शाळा महिनाभर एका परीक्षेनं झपाटलेली होती. गणित आणि विज्ञान, आठवीची मुलं, आणि परीक्षा आंतरराष्ट्रीय. साठ देशांत एकच परीक्षा, आणि त्यासाठी जिल्ह्यातल्या ज्या मोजक्या शाळा निवडल्या होत्या त्यांत यांची. आंतरराष्ट्रीय हा शब्द ऐकल्यावर कुणाचेच पाय जमिनीवर राहिले नाहीत. दुसऱ्याच दिवशी फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेचे अध्यक्ष, उदयसिंह सर आणि मधोमध फिरताना दाखवलेली पृथ्वी. परीक्षेबरोबर आलेलं नियमांचं पुस्तक इंग्रजीत आणि चांगलं नव्वद पानी होतं. इंग्रजीच्या सरांनी त्यातली पहिली चार पानं वाचली, "बाकी सगळं नेहमीचंच आहे" म्हणून सांगितलं आणि ते कपाटात ठेवून दिलं.

मग शुक्रवारी यादी आली. आठवीत चौसष्ट मुलं. त्यांतली तीस कॉम्प्युटरनं निवडली होती. पण कॉम्प्युटरनं हे काम कुठल्या डोक्यानं केलं होतं ते कुणालाच उमगेना. वर्गात पहिला येणारा राजवर्धन यादीत नव्हता. आणि सतराव्या नंबरवर आकारामची नात संयोगिता होती, जिनं गणितात पस्तीस मार्कांचं तोंड अजून बघितलं नव्हतं.

"तुमी वाईट वाटून घेऊ नका," सर म्हणाले. "पर जपान, कोरियाची पोरं बसणार हाईत हितं. त्यांच्यापुढं आपली कोण, तर संयोगिता? आणि राजवर्धन बाकावर बसून बघणार? एक दिवस पोरीला घरी ठेवा. आजारी दाखवतो. तिच्या जागी त्येला बसवतो. शाळंचा मान ऱ्हाईल, पोरीचीबी फजिती न्हाई."

सर तसे वाईट माणूस नव्हते. तीन वर्षांमागं आकारामच्या बायकोचं, तानाबाईचं, ऑपरेशन होतं, तेव्हा भर पावसात त्यांनी स्वतःची गाडी काढून तिला कोल्हापूरला पोचवलं होतं. आकाराम ते विसरला नव्हता. शिवाय त्यांनी काही जगावेगळं मागितलं होतं असंही नाही. शाळेची तपासणी असली की आदल्या दिवशी कच्च्या मुलांच्या घरी जाऊन "उद्या येऊ नगंस, साहेब यायच्यात" हे सांगायचं काम एकतीस वर्षं आकारामनंच केलं होतं. मुलं सुट्टी मिळाली म्हणून उड्या मारायची. त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आता निरोप स्वतःच्याच घरी पोचवायचा होता आणि पाय उचलत नव्हता, एवढाच काय तो फरक.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी संध्याकाळी तो दूध घालायला गावच्या दूध संस्थेत गेला, तेव्हाही त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. नंबर आल्यावर त्यानं किटली पुढं केली. टेस्टर ज्ञानूनं नेहमीप्रमाणे दांडा घालून दूध तळापासून चांगलं ढवळलं, मग माप बुडवून नमुना काढला. मागच्या म्हातारीला घाई होती. ती म्हणाली, "वरचं वरचं घे की रं, लेका! किती घुसळतुयास?"

"वरनं घेतलं तर साय येती, मावशी. फॅट खोटं लागतंय," ज्ञानू म्हणाला. हे तो रोज कुणाला ना कुणाला सांगायचा. आकारामनं ऐकलं आणि सोडून दिलं.

घरी आल्यावर त्यानं तानाबाईला एका दमात सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"ताप काय दुकानात मिळतोय व्हय? त्यांनी सांगितलं आन् तुमी मान डुलवून आला!"

"मग काय म्हणू? न्हाई म्हणू?"

तानाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सरांनी गाडी दिलती, तेबी खरं हाय." म्हणजे तिलाही कळेना आणि त्यालाही कळेना. दोघं चुलीकडं बघत बसली.

संयोगिता सोप्यात बसून पेन्सिलीला टोक करत होती. तिचे आई-बाप चाकणला कंपनीत होते आणि ती पहिलीपासून यांच्याजवळ. पोरगी कामसू होती, पण सावकाश. बाईंनी प्रश्न विचारला की ती विचार करायला लागायची, आणि तिचा विचार संपेपर्यंत बाई तीन मुलांपुढं गेलेल्या असायच्या. शाळा सुटल्यावर मात्र ती प्रयोगशाळेत आजोबाबरोबर परीक्षानळ्या धुवायची आणि एकीलाही धक्का लागू द्यायची नाही.

"आबा, मला का घेतलं असंल?" तिनं विचारलं.

"कॉम्प्युटरनं घेतलं."

"त्येला म्हाईत न्हाई माझं गणित कच्चं हाय?"

"त्येला कुठलं म्हाईत."

"म्हणूनच घेतलं," ती हसून म्हणाली आणि पेन्सिलीचं टोक बोटाला लावून बघितलं. तेव्हाच सांगायचं, असं आकारामनं ठरवलं होतं. पण तो उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात गेला.

सकाळी तिनं लाल रिबिनी घालून दोन वेण्या घातल्या आणि दप्तर उचललं, तेव्हा मात्र बोलणं भागच पडलं.

"संयू, आज घरी ऱ्हा. सर म्हटल्यात."

"का?"

"तुला ताप हाय."

तिनं आधी कपाळाला हात लावला, मग गळ्याला, आणि अगदी खरं सांगावं तसं म्हणाली, "न्हाई वो, आबा."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं एकेक करून रिबिनी सोडल्या, त्यांची गुंडाळी केली आणि विचारलं, "राजवर्धन बसणार व्हय?"

आकारामनं गाडीला किक मारली. त्याच्या जुन्या एम-एटीला रोज चार-पाच किका लागायच्या. आज ती पहिल्याच किकेला सुरू झाली आणि त्याला तिथून निघावंच लागलं.

वाटेत त्याला ती खिडकी आठवली. कितीतरी वर्षांत आठवली नव्हती.

तो याच शाळेत सातवीत होता. तपासणीला कोल्हापूरहून साहेब आले होते आणि गुरुजींनी सकाळीच त्याला साहेबांसाठी ऊस आणायला पाठवलं होतं. ऊस हे निमित्त होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. तो मोळी घेऊन लवकरच परतला, पण आत कसं जायचं म्हणून वर्गाच्या खिडकीखाली बसून राहिला. आत साहेब विचारत होते, "बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात, ती आधी तापवतात कशासाठी?" हुशार म्हणून पुढं बसवलेल्या एकालाही येईना. आकारामला येत होतं. सुट्टीत तो लोहाराचा भाता ओढायला जायचा. तापली की धाव वाढते, अलगद चाकावर बसते आणि गार झाली की आवळते, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. तो उसाच्या मोळीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. पुढं दहावीला तो दोनदा गणितात गेला आणि त्याच शाळेत नळ्या धुवायला लागला. ते उत्तर त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

शाळेत पोचला तर जीप येऊन थांबली होती. परीक्षा घ्यायला वर्षाराणी मॅडम आल्या होत्या. वय तिशीच्या आत, आवाज बारीक, पण कामाला एकदम चोख. त्यांनी सीलबंद पेट्या टेबलावर ठेवल्या, आणि चहा समोर येऊनही घोट न घेता यादी उघडली. प्रत्येक पुस्तिकेवर ज्या त्या मुलाचा क्रमांक छापलेला होता. एकाची पुस्तिका दुसऱ्यासारखी नव्हती. शेजाऱ्याचं बघून लिहायचीसुद्धा सोय नाही, हे बघून मास्तर मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

"सतरा नंबर? संयोगिता?"

"ताप हाय तिला," सर चटकन म्हणाले. "तिच्या जागी एक चांगला विद्यार्थी तयार ठेवलाय आमी."

राजवर्धन कंपासपेटी छातीशी धरून दारात उभा होता. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली.

"बदली चालत नाही, सर. गैरहजर म्हणजे गैरहजर. तिची पुस्तिका कोरी परत जाईल."

"अवो मॅडम, पर ह्यो पोरगा पयला येतोय! पाच मिनटात सगळं सोडवंल. देशाचं नाव..."

"सर, आम्ही हुशार मुलं शोधायला आलेलोच नाही. ही स्पर्धा नाही. आठवीतल्या मुलांना काय येतं आणि काय येत नाही, तेवढं बघायचंय. सगळ्यांना बसवता येत नाही, म्हणून न बघता तीस नावं काढलीत. त्यातली कच्ची मुलं बाजूला केली तर आकडा खोटा येईल. हे सगळं पुस्तकात लिहिलंय की."

इंग्रजीचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. पुस्तक कपाटात होतं, आणि फाटकावरच्या फ्लेक्सवर पृथ्वी फिरत होती.

"म्हंजी फॅटचा नमुना," आकाराम म्हणाला.

हे आपण मोठ्यानं बोललो, हे त्याला सगळ्यांनी वळून बघितल्यावर कळलं. आता माघार घेता येत नव्हती. "दूध ढवळून नमुना घेत्यात तसं, सर. वरची साय दिली तर फॅट खोटं लागतंय."

उदयसिंह सरांच्या घरी सहा म्हशी होत्या. त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. ते लालबुंद झाले.

"बाई, दार कवा लावणार?" आकारामनं मॅडमना विचारलं.

"साडेदहाला. मग कुणालाच आत घेता येणार नाही."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. येत्या मे महिन्यात आकाराम निवृत्त होणार होता. एकतीस वर्षांत सरांच्या शब्दाबाहेर तो गेला नव्हता, आणि आता चारचौघांत त्यांना खोटं पाडणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं. सरांनी गाडी दिली होती. पण घरी पोरीनं रिबिनी सोडून ठेवल्या होत्या.

"सर," तो म्हणाला, "ताप उतरला आसंल. बघून येतो."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. मग मॅडमकडं, मग टेबलावरच्या गार होत चाललेल्या चहाकडं.

"बघा," ते म्हणाले. "उतरला आसंल तर घिऊन या."

संयोगिता गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होती. अंगावर अजून शाळेचा गणवेश होता. तो तिनं काढलाच नव्हता. हे बघून आकारामला भडभडून आलं, पण रडत बसायला वेळ नव्हता.

"चल. ताप उतरला तुझा."

तिनं एकदाही का म्हणून विचारलं नाही. शेणाचे हात परकराला पुसले असते, पण अंगावर गणवेश होता. म्हणून ती रांजणाकडं पळाली, हात धुतले, पेन्सिल घेतली आणि मागं बसली. तानाबाई रिबिनी घेऊन दारापर्यंत धावली, पण तोवर गाडी वळणावर गेली होती.

दार लागायच्या आत ती परीक्षेच्या वर्गात शिरली. पुढचे अडीच तास आकाराम प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून होता. वर्गात काय चाललंय ते त्याला तिथून दिसत नव्हतं. राजवर्धन दोनदा येऊन गेला. "मामा, कितवा प्रश्न चालू असंल?" असं त्यानं विचारलं. त्याचंही तोंड उतरलेलं होतं. सगळं आयुष्य पहिलं येऊन कशातच नाव नाही, असं त्याच्याबाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. आकारामला त्याचंही वाईट वाटलं. कुणाचं चुकलं म्हणावं, हेच त्याला कळेना.

मॅडम पेट्या सील करून बाहेर आल्या, तेव्हा तो पुढं झाला.

"बाई, निकाल कवा?"

"मुलांचा निकाल नसतो, मामा. सगळ्यांचा मिळून एक आकडा येतो. तोही दीड-दोन वर्षांनी."

"आन् आमच्या पोरीला किती मिळालं?"

"ते कुणालाच कळत नाही. मलाही नाही."

जीप निघून गेली. आकाराम फाटकाशी उभा राहिला. असली परीक्षा त्यानं जन्मात बघितली नव्हती. कुणी पास नाही, कुणी नापास नाही, पेढे नाहीत, मार नाही. मग पोरीनं लिहिलं ते बरोबर का चूक, हे तिला सांगणार कोण?

संयोगिता प्रयोगशाळेत नळ्या लावून ठेवत होती.

"कसं गेलं?"

"काय काय आलं, काय काय न्हाई आलं. घरात पुस्तकं किती तेबी विचारलं. मी पोथी धरली आन् पंचांग धरलं." मग ती थांबली. तिचा विचार चालू झालाय हे ओळखून आकारामही थांबला. "आबा, प्रश्न सांगू नगा म्हटल्यात. पर मी तुमास्नी नुसतंच विचारते. पेल्यात पाणी हाय, वर बरफ तरंगतोय. बरफ विरघळला की पाणी वर चढंल, का खाली जाईल, का हाय तेवढंच ऱ्हाईल?"

आकारामनं डोकं खाजवलं. एकतीस वर्षं त्यानं प्रयोग मांडले होते आणि आवरले होते. का आणि कसं हे सांगायला मास्तर असायचे. बर्फाचा प्रयोग कुणी करायला घेतला नव्हता. शाळेत फ्रिज नव्हता.

"चढंल की. बरफाचं पाणी होणार म्हटल्यावर..."

"मी हाय तेवढंच ऱ्हाईल म्हणून लिवलं." तिचा चेहरा पडला. "चुकलं व्हय?"

"का लिवलंस तसं?"

"रसवंतीत गलास काठोकाठ भरलेला असतोय. वर बरफ असतोय. मी लगीच पीत न्हाई, बरफ विरघळून जातोय, पर कवा सांडल्यालं बघितलं न्हाई."

आकाराम तिच्याकडं बघत राहिला. मग किल्ल्या टेबलावर ठेवून तो बाहेर पडला. रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्याकडून त्यानं बर्फाचा मोठा खडा मागून आणला. रुमालातून पाणी गळत होतं आणि तो धावत येत होता. अख्ख्या शाळेनं त्याला धावताना कधी बघितलं नव्हतं.

त्यानं कपाटातला चांगला बीकर काढला, जो तपासणीशिवाय बाहेर निघत नसे. पाणी ओतलं. बर्फ अलगद सोडला. तो तळाला टेकत नाही ना, हे बघितलं. मग काचेवर लिहायच्या पेन्सिलीनं पाण्याच्या पातळीशी बारीक रेघ ओढली आणि दोघं दोन बाजूंना बसली.

बर्फ घाई करत नव्हता. बाहेर शाळा सुटली. मुलं आरडाओरडा करत गेली. बीकरला बाहेरून घाम आला की आकाराम फडक्यानं टिपायचा. दारात कुणाची तरी सावली पडली. उदयसिंह सर होते.

"काय चाललंय?"

"निकाल लावतोय, सर," आकाराम म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि सरांनाही तो तसा लागला नाही. ते आत आले. स्टूल ओढून बसले. ते इतिहासाचे होते. "चढणार की पाणी," ते थोड्या वेळानं म्हणाले आणि बीकरकडं बघायला लागले.

शेवटचा तुकडा बोराएवढा झाला, मग शेंगदाण्याएवढा, मग कुठं आहे ते दिसेना.

"डोळा पाण्याच्या पातळीत आण," आकाराम म्हणाला. हे वाक्य त्यानं या खोलीत हजारो मुलांना ऐकवलं होतं. संयोगिता वाकली. तिनं घाई केली नाही. तिनं एकदा बघितलं, डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

"रेघंवरच हाय, आबा."

"नीट बघ."

"रेघंवरच हाय."

सर वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "आयला, व्हय की," ते म्हणाले. "का वो चढलं न्हाई, मामा?"

"म्हाईत न्हाई, सर."

ते त्याला खरंच माहीत नव्हतं. तिघांपैकी कुणालाच नव्हतं. सर जायला उठले. दारात थांबून त्यांनी संयोगिताकडं वळून बघितलं. काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात होतं. शेवटी "ताप न्हाई न्हवं आता?" एवढंच म्हणाले आणि गेले.

संयोगितानं दप्तर उचललं. आकारामनं खिडक्या लावल्या, गॅसचा नळ तपासला, फडकं दोरीवर टाकलं. वापरलेलं भांडं धुऊन पालथं घातल्याशिवाय एकतीस वर्षांत त्यानं या खोलीला कुलूप लावलं नव्हतं. त्यानं बीकर उचलला, बेसिनपर्यंत नेला आणि क्षणभर थांबला. मग तो दोन्ही हातांनी धरून परत आणला आणि रेघ दाराच्या बाजूला येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"धुवायचा न्हाई?" तिनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि त्यानं दार ओढून घेतलं.